संगत, कट्टा आणि टोळी : किशोरवयीन मुलांविषयी नाशिकच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या कामगार वसाहतींत असो, सिडकोत असो किंवा गंगापूर रोडच्या सोसायट्यांत, मुलगा आठवी-नववीत गेला की घरोघरी काही प्रश्न जवळजवळ सारख्याच शब्दांत विचारले जातात. पुढील उत्तरे पालक, शिक्षक आणि मंडळांचे कार्यकर्ते यांना समोर ठेवून लिहिली आहेत. त्यांतील बरेचसे संशोधन अमेरिका आणि न्यूझीलंड येथील आहे, कायदा मात्र आपला आहे. परदेशी टोळ्यांचे चित्र नाशिकच्या गल्लीवर जसेच्या तसे बसत नाही; पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे मित्रांशी असलेले नाते देशोदेशी फारसे बदलत नाही, म्हणून ते संशोधन येथे उपयोगी पडते.

आमचा मुलगा मुळात चांगला आहे, त्याला संगत वाईट लागली. असे खरोखर घडते का?

घडते, पण पूर्ण हकीकत एवढीच नसते. एखाद्या मारामारीत पाच मुले सापडली, तर पाचही घरांतून हेच वाक्य ऐकू येते, आणि पाचही पालक प्रामाणिक असतात. प्रत्येकाचा मुलगा दुसऱ्या चौघांच्या घरी ‘वाईट संगत’ म्हणून ओळखला जात असतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण अर्धी खरी आहे. पवळ्याला तेथे कुणीतरी आणून बांधले होते. मुले आपले दावे आपणच निवडतात. वर्गात मागे पडलेला, घरी सतत बोलणी खाणारा किंवा आधीपासूनच तापट असलेला मुलगा आपल्यासारख्यांना शोधून काढतो. अभ्यासक याला निवड म्हणतात आणि एकत्र आल्यानंतर जे घडते त्याला प्रभाव. या दोहोंपैकी कशाचे वजन जास्त, हा वाद फार जुना आहे. अमेरिकेतील रोचेस्टर शहरात टेरेन्स थॉर्नबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला आणि 1993 मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो या वादात निर्णायक ठरावा असा आहे. तीच मुले टोळीत असताना टोळीपूर्वीपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त गुन्हे करत होती आणि टोळी सोडल्यावर त्यांचे गुन्हे पुन्हा कमी होत होते. मूल आधीपासूनच वाईट असते आणि टोळी केवळ निमित्त असते, असे मानले तर हा चढउतार समजावता येत नाही.

म्हणून पालकांनी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. माझ्या मुलाला हीच मुले का आवडली, हा पहिला. आणि त्यांच्यात गेल्यावर तो काय वेगळे करू लागला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा घरात आणि शाळेत सापडते, आणि म्हणूनच ते शोधायला कुणी फारसे उत्सुक नसते.

याच वयात मुले मित्रांचे एवढे का ऐकतात?

2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 306 जणांना गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ दिला. काही जण एकटे खेळले, तर काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोन सोबती बसले होते. चोवीस वर्षांवरील मंडळींच्या खेळात सोबत्यांमुळे फारसा फरक पडला नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मात्र मित्र पाहत असताना जवळजवळ दुप्पट धोका पत्करला. पुढे 2011 मध्ये अशाच खेळाच्या वेळी मेंदूची छायाचित्रे घेण्यात आली. शेजारच्या खोलीतून मित्र पाहत आहेत, एवढे सांगितल्यावर किशोरवयीनांच्या मेंदूतील बक्षिसाची ओढ निर्माण करणारे भाग अधिक उत्तेजित झालेले दिसले; प्रौढांमध्ये तसे झाले नाही.

यातून पालकांनी घ्यायचा अर्थ सरळ आहे. एकटा असताना समजूतदारपणे बोलणारा आपला मुलगा खोटे बोलत नसतो. ‘मी असे कधी करणार नाही’ हे त्याचे जेवणाच्या ताटावरचे म्हणणे त्या क्षणी खरे असते. पाथर्डी फाट्यावर तिघे मित्र एका दुचाकीवर बसलेले असताना ते तितकेसे खरे राहत नाही. त्याच्या समजुतीची परीक्षा घरात घेऊन उपयोग नाही.

मित्रांच्या आग्रहाला न बधण्याची क्षमता चौदा ते अठरा या वर्षांत हळूहळू वाढत जाते, असेही स्टाइनबर्ग आणि कॅथरिन मोनाहन यांनी 2007 मध्ये दाखवले. म्हणजे हा काळ कायमचा नाही. फक्त तो निभावून न्यावा लागतो.

मित्र जबरदस्ती करतात का? हा ‘दबाव’ नेमका कसा असतो?

बहुतेक वेळा कुणीही जबरदस्ती करत नाही. दबाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धमकावणारा दांडगट मुलगा येतो. प्रत्यक्षात दबाव हसण्यातून येतो. थॉमस डिशन यांनी ओरेगनमधील तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना एकेका मित्रासोबत गप्पा मारायला बसवून त्यांचे चित्रण केले. काही जोड्यांत चांगल्या विषयांवर हसू येई. काहींत मात्र नियम मोडल्याच्या गोष्टींनाच हशा मिळे, बाकी बोलणे कोरडे जाई. ज्या जोड्यांत असा हशा पिकला, त्यांतील मुलांची बेकायदा वर्तणूक पुढील दोन वर्षांत अधिक वाढलेली आढळली. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेले हे निरीक्षण आपल्या कोणत्याही टपरीवर पडताळता येईल. कालचा राडा रंगवून सांगणाऱ्याला टाळी मिळते आणि घटक चाचणीत चांगले गुण मिळवणाऱ्याची टर उडवली जाते. मुलाला काय करायचे ते कुणी सांगावे लागत नाही.

याखेरीज मित्रांकडून सबबी शिकायला मिळतात. एडविन सदरलँड यांनी 1947 मध्ये आपला सिद्धान्त अंतिम स्वरूपात मांडताना म्हटले होते की, गुन्ह्याची केवळ रीत जवळच्या माणसांकडून शिकली जात नाही, तर त्यामागचे हेतू आणि समर्थनही तेथेच शिकले जाते. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी 1957 मध्ये या समर्थनांचे पाच प्रकार सांगितले. त्यांची नाशिकमधील रूपे आपल्या कानांवरून गेलेली असतात : ‘त्यानेच आधी खुन्नस दिली’, ‘गाडी फोडली तर काय, विमा असतो’, ‘भावासाठी केले’, ‘पोलीस तरी कुठे सरळ आहेत’, ‘माझे डोके फिरले होते, मी काय करणार’. असे वाक्य मुलाच्या तोंडी सहजपणे येऊ लागले, तर ते कुठून आले याची चौकशी करणे हे खिसे तपासण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरते.

मग मुलांनी कट्ट्यावर बसूच नये का?

बसावे. मित्रांबरोबर निरुद्देश बसणे हा गुन्हा नाही आणि दोषही नाही. वेन ऑसगुड यांनी 1996 मध्ये दाखवलेला धोका तीन गोष्टी एकत्र आल्यावर निर्माण होतो : मित्र सोबत आहेत, करण्यासारखे काही ठरलेले नाही आणि जवळपास जबाबदार मोठे माणूस नाही. यांतील एक गोष्ट बदलली तरी धोका कमी होतो. संध्याकाळी सहा वाजता गोदापार्कवर फिरणाऱ्या लोकांच्या वर्दळीत बसलेली मुले आणि रात्री साडेअकराला औद्योगिक वसाहतीतील बंद कंपनीच्या भिंतीलगत बसलेली तीच मुले, यांत मुले बदललेली नसतात.

साधा मित्रांचा गट आणि टोळी यांत फरक कसा ओळखावा?

फ्रेडरिक थ्रॅशर यांनी 1927 मध्ये शिकागोतील 1,313 टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे एक निरीक्षण शंभर वर्षांनीही टिकून आहे : बहुतेक टोळ्या खेळगड्यांच्या गटातून आपोआप उगवतात आणि बाहेरच्याशी झालेल्या संघर्षातून घट्ट होतात. दुसऱ्या गल्लीतील मुलांशी भांडण होईपर्यंत तो गट सैल असतो. भांडण झाले की त्याला नाव मिळते, नेता मिळतो आणि बदल्याचे कारण मिळते.

गटाने स्वतःला नाव घेतले, अमुक चौक ‘आपला’ असे म्हणणे सुरू झाले, शस्त्र बाळगण्यात प्रतिष्ठा वाटू लागली, पंचविशी-तिशीतला कुणी ‘भाई’ पोरांचा खर्च करू लागला आणि गट सोडतो म्हणणाऱ्याला भीती वाटू लागली, तर ती टोळी आहे, मग तीत चारच मुले का असेनात. शेवटच्या दोन खुणा सर्वांत महत्त्वाच्या आहेत. मित्रांच्या गटातून कुणी बाहेर पडले तर इतर रुसतात. टोळीतून बाहेर पडले तर हिशेब मागतात.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. अलीकडे पुण्यापाठोपाठ नाशिकमध्येही चार मुलांच्या हाती कोयता दिसला की ‘कोयता गँग’ असा मथळा होतो. भीती खरी असते आणि जखमी होणारी माणसेही खरी असतात. परंतु ज्या मुलांना काल स्वतःचे नाव नव्हते, त्यांना असा मथळा ते फुकट मिळवून देतो.

मुले टोळीत पैशासाठी जातात का?

फार थोडी. मुलाच्या हाती येणारा पैसा बहुधा वडापाव, पेट्रोल आणि मोबाइलच्या रिचार्जपुरताच असतो. तो जातो ते ‘वट’ मिळावी म्हणून, कुणीतरी आपल्या बाजूने उभे राहावे म्हणून, भावाचे मित्र तेथे आहेत म्हणून. आणि पुष्कळदा शाळेच्या रस्त्यावर दुसऱ्या कुणी मारू नये म्हणून. हे शेवटचे कारण करुण आहे, कारण संशोधन उलट सांगते : टोळीतील मुलांना मार खाण्याचा, जखमी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. संरक्षणासाठी घेतलेले छत्रच वीज ओढून घेते.

पैसा मिळतो तो वरच्या मोठ्या माणसाला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी मेफेड्रोनचा, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमडी’चा, कारखाना उघडकीस आणला, तेव्हा हा धंदा आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे हे शहराला कळले. अशा धंद्यात माल पोचवणे, पाळत ठेवणे, निरोप नेणे या कामांसाठी अल्पवयीन मुले सोयीची वाटतात. ‘तुला काही होत नाही, तू अठराच्या आत आहेस’ हे वाक्य भाईंनी पाठ केलेले असते. कायद्याने मात्र या वाक्याची किंमत वाढवून ठेवली आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 83 नुसार बेकायदा कामांसाठी बालकांचा वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलाला अमली पदार्थ देणे (कलम 77) आणि त्याच्याकरवी ते विकवणे (कलम 78) यांसाठीही सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 प्रमाणे गुन्ह्यासाठी बालकाला कामाला लावणाऱ्यास तीन ते दहा वर्षांची कैद होते आणि तो गुन्हा घडलाच, तर तो त्यानेच केला असे मानून त्याचीही शिक्षा होते. पालकांनी तक्रार देताना मुलाचे वागणे सांगून थांबू नये. त्याला वापरणारा प्रौढ कोण, हेही सांगावे.

ही समस्या झोपडपट्टीतील आणि आईवडील नसलेल्या मुलांची आहे ना?

नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत ताब्यात घेतलेली बहुसंख्य मुले आईवडिलांसोबत राहणारी असतात आणि तीन चतुर्थांशांच्या आसपास मुले सोळा ते अठरा या वयाची असतात. गरिबीने धोका वाढतो, कारण दोन्ही पालक पाळीत कामाला असतात, घर एका खोलीचे असते आणि मुलाला बाहेरच थांबावे लागते. शिवाय गरिबाचा मुलगा पोलिसांच्या नोंदीत लवकर येतो, तर बंगल्यातील मुलाचे प्रकरण परस्पर मिटवले जाते.

मुलींचे काय?

मुली टोळीत कमी दिसतात, आणि येतात तेव्हा पुष्कळदा प्रियकराच्या किंवा भावाच्या ओळखीने येतात; काहींसाठी घरातील छळापासून पळण्याची ती वाट असते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरातील एका पाहणीत, 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लवकर वयात आलेल्या मुलींमध्ये नियमभंगाचे प्रमाण मुलामुलींच्या एकत्र शाळांत वाढलेले आढळले, फक्त मुलींच्या शाळांत तसे आढळले नाही. यावरून सहशिक्षण बंद करावे असा अर्थ काढणे चुकीचे होईल. वयाने मोठ्या मुलांची सलगी हा या मुलींच्या बाबतीत लक्ष देण्याचा मुद्दा आहे, एवढेच त्यातून घ्यावे. मुलगी वाहवत चालली आहे असे वाटले, तर तिच्यावर अत्याचार तर होत नाही ना, हे आधी पाहावे. बदनामीचा विचार नंतर करता येतो.

रील आणि स्टेटसचा यात कितपत हात आहे?

पुष्कळ. पूर्वी दोन मुलांचे भांडण दहा जण पाहत. आता ते सातशे जण पाहतात, आणि माघार घेणाऱ्याची नाचक्की रात्रभर मोबाइलवर फिरत राहते. पाहणाऱ्यांच्या उपस्थितीने धोका पत्करण्याची वृत्ती वाढते, हे वर सांगितलेच आहे. मोबाइलमुळे ते पाहणारे चोवीस तास खिशात असतात. तलवारीने केक कापणे, कोयता घेऊन गाण्यावर चालत येणे, विरोधी गटाच्या मुलाचे नाव न घेता त्याला डिवचणे, यांतून पुढची खरी मारामारी ठरते. शिवाय शस्त्रासह काढलेली चित्रफीत हा पोलिसांसाठी आयता पुरावा असतो. शहरात जमावबंदी व शस्त्रबंदीचे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी निघतात आणि ते मोडल्यास कलम 135 लागते, याची मुलांना कल्पनाही नसते.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये नाशिक पोलिसांच्या मोहिमेत ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ ही घोषणा आरोपींच्या तोंडून वदवून घेतल्याच्या चित्रफिती राज्यभर पाहिल्या गेल्या. त्यावर अनेकांनी समाधान व्यक्त केले. मात्र चित्रफितीतील व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर नियम अगदी वेगळा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार चौकशीखालील मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘याला ओळखा’ म्हणून फोटो पुढे पाठवणाऱ्या काकांनाही ती लागू पडते.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

केशरचना, काळा टीशर्ट किंवा मोठ्या आवाजातील गाणी यांवरून काहीही ठरवू नये. जुने मित्र एकाएकी सुटणे, नव्या मित्रांची खरी नावे न सांगता ‘पप्या’, ‘भाई’ एवढेच सांगणे, न परवडणारी वस्तू घरात येणे, अंगावर न सांगता येणाऱ्या जखमा, एखाद्या विशिष्ट रस्त्याने जायला नकार देणे, या गोष्टी जास्त बोलक्या असतात. व्हाइटनर, चिकट द्रावण किंवा झोपेच्या गोळ्या सापडल्या, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

त्या मुलांशी मैत्री तोड, असे बजावावे का?

बजावून मैत्री तुटत नाही, ती फक्त घरापासून लपते, आणि मग मुलाच्या खबरी आपल्याला पोलिसांकडून मिळू लागतात. हे उत्तर अनेक पालकांना आवडत नाही, कारण बंदी घालणे हे काहीतरी केल्याचे समाधान देते. पण मुलाच्या बाजूने पाहावे : त्या पाच जणांखेरीज त्याला कुणीही विचारत नाही. ते पाच काढून घेतले तर त्याच्याकडे उरते काय? रिकामी जागा दाखवून मुलाला कुणाकडूनही सोडवता येत नाही.

हाताशी असलेल्या गोष्टी तीन आहेत : वेळ, जागा आणि दुसरा गट. सायंकाळी सातपासून रात्री अकरापर्यंतचा वेळ हा या प्रश्नाचा गाभा आहे. त्या वेळेत मुलगा कुठे आहे, कुणासोबत आहे आणि परत कधी येणार, हे रोज साधेपणाने विचारणाऱ्या घरांतील मुले कमी भरकटतात, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. मात्र विचारल्याबरोबर ओरडा मिळणार असेल, तर मुलगा सांगत नाही. पालकांना कळते ते बहुतांशी मुलाने आपणहून सांगितलेलेच असते. पाळत ठेवून कळणारे फार थोडे. त्याच्या मित्रांना घरी बोलवावे, त्यांना जेवू घालावे, त्यांची नावे आणि त्यांच्या पालकांचे नंबर आपल्याकडे असावेत. घरी येऊन आईच्या हातची भाकरी खाल्लेल्या मित्राला त्या घरच्या मुलाला अडचणीत ओढताना थोडे तरी जड जाते. पाचही घरे एकमेकांशी बोलू लागली, तर कट्ट्याजवळ मोठे माणूस नसण्याची उणीव पुष्कळशी भरून निघते. पण ‘तुमच्या मुलाने आमच्या मुलाला बिघडवले’ या वाक्याने ती बैठक सुरू करू नये.

दुसरा गट उभा राहायला काही महिने लागतात. तोवर जुना गट पूर्ण सुटला नाही म्हणून हताश होऊ नये.

गावी मामाकडे पाठवून दिले तर?

वर्षभरासाठी जागा बदलल्याचा फायदा काही मुलांना नक्की होतो, विशेषतः जिवाला धोका असेल तेव्हा. मात्र निफाडला किंवा येवल्याला मुलगा दिवसभर काय करणार हे ठरलेले नसेल, तर तेथेही कट्टा असतोच.

पोलिसांकडून चांगला दम देववला, किंवा तुरुंग दाखवून आणला, तर धाक बसेल ना?

हा उपाय सर्वांना पटतो आणि तो चालत नाही. 1970 च्या दशकात न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात किशोरवयीनांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून घाबरवण्याचा कार्यक्रम फार गाजला. पुढे अशा कार्यक्रमांच्या काटेकोर चाचण्या एकत्र करून अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी पाहिले, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी, काहीच न केलेल्या मुलांपेक्षा, नंतर जास्त गुन्हे केल्याचे आढळले. घाबरण्यासाठी नेलेली मुले परत येताना एकमेकांना ‘मी नाही घाबरलो’ असे सांगत येतात, हे त्याचे एक संभाव्य कारण असावे.

याहूनही विचारात पाडणारी हकीकत मॅसॅच्युसेट्समधील आहे. तेथे 1939 मध्ये 506 मुलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील एकाला वर्षानुवर्षे समुपदेशन, शिकवणी आणि उन्हाळी शिबिरे देण्यात आली. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड यांनी सर्वांचा शोध घेतला, तेव्हा मदत मिळालेले पुरुष अनेक बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत आढळले. मागाहून केलेल्या विश्लेषणात, एकापेक्षा जास्त वेळा शिबिरांना गेलेल्यांचे नुकसान अधिक झाल्याचे दिसले. हेतू उत्तम होता, माणसे प्रेमळ होती. पण अडचणीतील मुले एकमेकांच्या सहवासात आणून सोडली गेली. आपल्याकडेही ‘उनाड मुलांचे शिबिर’ भरवण्याचा उत्साह अधूनमधून येतो. भरवायचेच असेल तर सर्व प्रकारची मुले मिसळावीत आणि रिकाम्या तासांत मोठी माणसे सोबत असावीत.

शाळेने काय करावे?

वर्गातील सगळी ‘त्रासदायक’ मुले एका तुकडीत कोंबू नयेत. निलंबनाने शाळेचा प्रश्न आठ दिवस सुटतो, पण ते आठ दिवस मुलगा मोकळ्या मुलांसोबत काढतो. शाळा पूर्णपणे सुटली असेल, तर 17 नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीला खासगीरीत्या बसता येते, आणि सातपूरच्या आयटीआयमधील एखादा व्यवसाय अभ्यासक्रम अनेकांना पुस्तकांपेक्षा जवळचा वाटतो. हाताला येणारे कौशल्य ही पंधराव्या वर्षी मिळणारी चांगल्या प्रतीची ‘वट’ आहे.

मंडळ, ढोलपथक, तालीम यांचा उपयोग होतो की तेथूनच मुले बिघडतात?

दोन्ही घडते, आणि फरक कशाने पडतो हे सांगता येते. नाशिकच्या ढोलपथकांत गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून ठरलेल्या वेळी सराव असतो, शिकवणारा असतो, उशीर करणाऱ्याला बोलणी बसतात आणि मिरवणुकीत हजारो लोकांसमोर वाजवण्याचा मान मिळतो. ज्या प्रेक्षकांसाठी मुलगा सिग्नल तोडतो, तेच प्रेक्षक येथे त्याला ताल न चुकवण्यासाठी मिळतात. जुन्या तालमीत वस्ताद असतो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, उतरण्याचेही रीतिरिवाज असतात आणि ते सांभाळणारी घराणी असतात. याउलट मंडळाच्या शेडमध्ये वर्षभर रात्री फक्त पत्ते चालत असतील आणि वर्गणीचा हिशेब एखाद्या सराईताकडे असेल, तर तेथे मुलाला पाठवणे म्हणजे आपणच त्याला भरती करणे होय. मंडळाचा फलक पाहण्यापेक्षा रात्री नऊनंतर तेथे कोण बसते ते पाहून यावे.

मुलाला पोलिसांनी नेले, तर सर्वप्रथम काय करावे?

शांतपणे पोलीस ठाण्यात जावे, मुलाच्या वयाचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, सोबत घ्यावा आणि बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारावे. अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला असते. नाशिकमध्ये निरीक्षणगृह उंटवाडी रस्त्यावर आहे. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

जामिनाचा नियम आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे मुलाला जामीन देणे हाच नियम आहे. तो नाकारण्याच्या मोजक्या कारणांपैकी एक म्हणजे, सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची शक्यता. म्हणून मंडळासमोर ‘आमचा मुलगा निर्दोष आहे’ एवढे सांगून भागत नाही. तो संध्याकाळी कुठे असेल, कुणाच्या देखरेखीखाली असेल, शाळा किंवा काम काय असेल, हे पालकांनी लिहून न्यावे. तेथील परिवीक्षा अधिकारी सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करतात. त्यांच्यापासून मित्रांची माहिती दडवणे मुलाच्याच अंगलट येते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढाप्रमाणे चालवावे का, याचे प्राथमिक मूल्यमापन कलम 15 खाली होते. त्यात गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हेही पाहिले जाते, आणि गटाच्या दबावाचा मुद्दा मांडण्याची ती योग्य जागा आहे.

‘मी फक्त उभा होतो’ किंवा ‘मी फक्त गाडी चालवत होतो’ हे चालते का?

फारसे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 3(5) मधील समान इरादा आणि कलम 190 मधील बेकायदा जमावाचे समान उद्दिष्ट यांमुळे, हात न लावणाऱ्यालाही कृत्यासाठी जबाबदार धरता येते. केवळ उपस्थिती म्हणजे दोष नव्हे, पण ते सिद्ध होईपर्यंत बराच काळ जातो. याशिवाय, अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मित्रांपुढे नाही म्हणण्यासाठी मुलाला एक सन्माननीय कारण लागते. ‘माझ्या बापाला जेल होईल’ हे त्यासाठी बरे कारण आहे.

टोळीत गेलेला मुलगा परत येऊ शकतो का?

येतो, आणि बहुतेक येतात. अमेरिकेतील दीर्घकालीन अभ्यासांत टोळीतील बहुसंख्य मुले वर्षभरात किंवा त्याआधीच बाहेर पडलेली आढळली. टेरी मोफिट यांनी 1993 मध्ये दोन प्रकार सांगितले होते : लहानपणापासून आक्रमक असलेली थोडी मुले, ज्यांचे वर्तन पुढेही टिकते, आणि किशोरवयात वाहवलेली पुष्कळ मुले, जी मोठेपणी थांबतात. दुसऱ्या प्रकारातील मुलांचे नुकसान होते ते मधल्या वर्षांतील अडकवणाऱ्या गोष्टींमुळे : व्यसन, सुटलेली शाळा, गंभीर जखम, नोंदलेला गुन्हा.

बाहेर पडताना जाहीर घोषणा करण्यापेक्षा हळूहळू कमी दिसणे सुरक्षित असते. नोकरी, पाळीची वेळ, आजारी आजी, नाइलाजाने घेतलेली शिकवणी, अशी कारणे टोळीलाही समजतात. धमकी येत असेल तर मुलाने ती मिटवून टाकू नये, जपून ठेवावी आणि 112 वर किंवा पोलीस ठाण्यात कळवावी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी 1098 आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416 हे क्रमांक विनामूल्य आहेत.

एकदा नाव आले की पुढे नोकरी, पासपोर्ट, सगळेच अडते का?

प्रौढाच्या बाबतीत अडू शकते. बालकाच्या बाबतीत कायद्याने तसे न होण्याची तरतूद केली आहे. कलम 24 नुसार बाल न्याय अधिनियमाखाली दोषी ठरलेल्या मुलाला त्या निर्णयामुळे कोणतीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर संबंधित नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळ देते. सोळा वर्षांवरील ज्या मुलाचा खटला बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे चालवून त्याला दोषी ठरवले, त्याला हे संरक्षण मिळत नाही. आदेशाची प्रत पालकांनी मागून घ्यावी आणि घरी जपून ठेवावी, कारण पुढे पोलीस पडताळणीच्या वेळी जुनी नोंद चुकून तशीच राहिलेली आढळली, तर ती प्रत दाखवून ती काढायला लावता येते.